चौदा जणांची एकच सासू

अश्लेषा निकमच्या वर्गात जर्मन शिकायला येणाऱ्या चौदा जणांना लांडगा आवडत नव्हता, राजकन्या आवडत नव्हती, आणि सरकारी पुस्तकातला तो हान्स स्टेशनवर तिकीट काढायला निघाला की सगळ्यांना एकदम जांभया येत. हे तिला कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. फलटणची माणसं शिक्षकाला असलं काही तोंडावर सांगत नाहीत. हे तिला टेबलावरच्या डब्याने सांगितलं होतं, आणि तेही आकड्यात.

डब्याचं नाव उत्कंठामापक. त्यामागचा शोध साधा होता. एखादा नवा शब्द मेंदूत बसायला एरवी चाळीस वेळा घोकावा लागतो आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तो निघून जातो. पण माणूस ‘पुढे काय झालं’ याची वाट बघत असला, की मेंदूत सहा-सात सेकंद एक बारीक लहर उठते. तेवढ्या वेळात जे शब्द कानावर पडतात, ते एका ऐकण्यात कायमचे बसतात. गोष्टी सांगणाऱ्या माणसांना हे पूर्वीपासून ठाऊक होतंच. नवीन एवढंच, की आता ती लहर मोजता येत होती. कानामागे शर्टाच्या बटणाएवढी चकती चिकटवायची, डबा सगळ्या चकत्यांची सरासरी दाखवणार. साठाच्या वर हिरवा दिवा, खाली लाल. लाल दिव्यात शिकवणं म्हणजे भिंतीला शिकवणं.

म्हणून भाषा आता गोष्टींतूनच शिकवायच्या, असं जिल्ह्याच्या कौशल्य केंद्राने ठरवलं. शिक्षकाने सोप्या वाक्यांत गोष्ट सांगायची, उलटसुलट प्रश्न विचारत तीच वाक्यं दहा वेळा घोळवायची. मग डबाच ती गोष्ट चित्रांसकट छापून देणार आणि मुलांनी ती घरी वाचायची. कानात घालायचे दुभाषे त्या काळात भाजीवाल्याकडेही होते. पण पलंगावर कळवळणाऱ्या रुग्णाला दुभाष्याचा दीड सेकंदाचा उशीर सोसवत नाही, म्हणून जर्मनीतल्या रुग्णालयांनी दुभाषे बंद केले होते. परिचारिकेला जर्मन स्वतःच्या तोंडाने यायला हवी होती. अश्लेषाच्या वर्गात अकरा परिचारिका, दोन वेल्डर आणि एक सुतार होता. चौदाही जणांची तिकडची नेमणूक पक्की होती, फक्त परीक्षा तेवढी राहिली होती.

आणि वर्गाचा आकडा होता एकतीस.

एका सोमवारी अश्लेषाला दहा मिनिटं उशीर झाला. तिने धापा टाकत, सोप्यात सोप्या जर्मनमध्ये सांगितलं, “माफ करा. उशीर झाला. घरी भांडण झालं.”

डबा टिणकन वाजला. हिरवा दिवा. एकाहत्तर.

डबा बिघडला असं समजून अश्लेषाने त्याला एक चापट मारली. तेवढ्यात पहिल्या बाकावरून निलोफर मुजावरने विचारलं, “कोणाशी?” हेही जर्मनमध्येच. दोन महिन्यांत त्या वर्गात कोणी आपणहून जर्मन प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

“सासूशी,” अश्लेषा म्हणाली. एकोणऐंशी.

मागच्या बाकावरचा वेल्डर सुशांत लोहार, जो एरवी डोळे उघडे ठेवून झोपत असे, तो पुढे सरकून बसला. अश्लेषाच्या लक्षात आलं, की आता थांबण्यात अर्थ नाही. तिने डस्टर उचललं.

“सासूच्या हातात काय आहे? बादली आहे का?”

“नाही!”

“बरोबर, बादली नाही. बरणी आहे. बरणीत काय आहे? दूध आहे का?”

“नाही!”

“दूध नाही. चटणी आहे. कोणाची चटणी? माझी का सासूची?”

“सासूची!” वर्ग ओरडला.

वर्षाची कांदा-लसणाची चटणी डंकावर कुटून आणलेली होती. त्यातली वाटीभर अश्लेषाने न विचारता शेजारच्या घरी दिली. सासूबाईंनी बरणी कपाटात घातली, कपाटाला कुलूप लावलं. “आणि किल्ली?” अश्लेषाने विचारलं. “किल्ली कुठे आहे?” एवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. आकडा अठ्ठ्याऐंशी. एकही माणूस जागचा उठला नाही.

“उन्ट डान?” सुशांत म्हणाला. म्हणजे, मग पुढे?

“पुढे बुधवारी,” अश्लेषा म्हणाली, आणि बुधवारी चौदाच्या चौदा जण वेळेआधी हजर होते.

अश्लेषाच्या सासूबाईंचं नाव विजयमाला. त्या बाजूच्या रिवाजाप्रमाणे अश्लेषा त्यांना आत्या म्हणे. वय अडुसष्ट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज असा, की गच्चीवरून हाक मारली तर कोपऱ्यावरची रिक्षा थांबायची. सून आपल्याला शिस्तीची वाटावी अशी त्यांची इच्छा होती, आणि ती कधी पुरी होईल याची त्यांना आशा नव्हती.

गोष्टीत अश्लेषाने त्यांचं नाव ‘फ्राउ एन’ ठेवलं; फ्राउ म्हणजे श्रीमती, आणि एन निकमचा. कोणाला कळणार आहे, असं तिने स्वतःला समजावलं. शिवाय हे सगळं शिकवण्यासाठीच होतं. फ्राउ एनच्या कुलपातून वर्गाला ‘कपाट’, ‘किल्ली’, ‘शपथ’ हे शब्द आले. त्यांच्या उपासातून ‘भूक’, ‘रक्तदाब’, ‘चक्कर’ आले. कुटताना चटणीची पूड डोळ्यात गेली, त्या प्रसंगातून तर सगळा प्रथमोपचार आला. चार महिन्यांत वर्ग असं जर्मन बोलू लागला, की ऐकून अश्लेषालाच नवल वाटायचं. सरासरी ब्याऐंशी. केंद्राने तिला प्रशस्तिपत्रक दिलं. ते आत्यांनी देवघराच्या शेजारी लावलं, आणि अश्लेषा दोन दिवस त्या भिंतीकडे बघायचं टाळत होती.

अडचण एकच होती. घरात शांतता असली, की आकडा पडायचा.

एका आठवड्यात आत्यांना सर्दी झाली आणि त्या अगदी गोड वागू लागल्या. “दमलीस का गं? बस जरा,” असं म्हणाल्या. अश्लेषाने वर्गात ते सांगितलं. त्रेचाळीस. सुशांत पुन्हा डोळे उघडे ठेवून झोपला. गुरुवारी अश्लेषाने आत्यांच्या साडीची घडी मुद्दाम चुकीची घातली. आत्यांनी ती नाक ओढत स्वतः नीट केली, आणि चकार शब्द काढला नाही. शुक्रवारी अश्लेषाने मन घट्ट केलं आणि चटणीच्या बरणीत ओला चमचा घातला.

हे काय केलं, ते चटणीवाल्या घरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आत्यांनी चमचा पाहिला. मग अश्लेषाकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. आणि मग पदर खोचून त्या जे उभ्या राहिल्या! “आगं, वर्साची चटणी हाय ती, वर्साची! बुरशी आली तर तुझ्या म्हायेरनं आननार हायस व्हय?” तिथून विषय माहेरावर गेला, माहेरावरून लग्नातल्या मानपानावर, तिथून नणंदेच्या डोहाळजेवणातल्या करपलेल्या करंज्यांवर. पाऊण तास. अश्लेषा खाली मान घालून ऐकत होती आणि मनातल्या मनात भाषांतर करत होती.

सोमवारी आकडा त्र्याण्णव.

तिचा नवरा रणधीर साखर कारखान्यात केमिस्ट होता. सगळं मोजूनमापून बघायची त्याला सवय. एकदा जेवताना तो म्हणाला, “एक विचारू? हल्ली तुमच्या दोघींची भांडणं वाढलीत, हे मला कळतंय. पण भांडण झालं की तुम्ही दोघीही खुशीत का असता?”

“काहीतरीच,” दोघी एकदमच म्हणाल्या. अश्लेषाला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण ती पुढच्या सोमवारच्या विचारात होती.

परीक्षा घ्यायला जर्मनीहून फ्राउ क्लाइनश्मिट आल्या. उंच, सरळ, बोलणं मोजकं, हातात लाल पेन. परीक्षा अश्लेषाच्याच वर्गात होती. एकेकाला पुढे बोलावून त्या कार्डावरचा प्रश्न विचारत.

निलोफरला विचारलं, “कामावरचा एखादा मतभेद सांगा.” निलोफरने उत्तम जर्मनमध्ये सांगितलं, की एका वयस्कर बाईंनी बरणीला कुलूप लावलं होतं, आणि तिने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. फ्राउ क्लाइनश्मिट खूष झाल्या. दुसरीला विचारलं, “एखादा घरगुती समारंभ?” तिने डोहाळजेवण आणि करपलेल्या करंज्या सांगितल्या. तिसरीच्या उत्तरात एक वयस्कर सासूबाई आल्या, आणि त्यांचा चष्मा दोरीने गळ्यात होता. सुशांतला विचारलं, “कारखान्यात डोळ्याला इजा झाली तर काय कराल?”

“डोळा चोळायचा नाही,” सुशांत ठासून म्हणाला. “पाण्याने धुवायचा. आणि बाई कितीही ओरडल्या, तरी त्यांना पुन्हा चटणीजवळ जाऊ द्यायचं नाही.”

सातव्या उमेदवाराने ‘एक सासू...’ म्हणताच फ्राउ क्लाइनश्मिट यांनी पेन खाली ठेवलं.

“बाई,” त्या अश्लेषाला म्हणाल्या, “ही पाठ केलेली उत्तरं आहेत. सात जण झाले, सगळ्यांच्या उत्तरांत तीच सासू. चौदा जणांना एकच सासू असू शकत नाही. त्यातले तीन तर अविवाहित पुरुष आहेत.” त्यांनी तक्त्यावर लाल पेनाने शेरा मारला. नियम स्पष्ट होता. पाठांतर सिद्ध झालं, तर सगळी तुकडी दोन वर्षं बाद.

निलोफरने बोटांनी ओढणी घट्ट धरली होती.

“पाठ नाही केलेलं,” अश्लेषा म्हणाली. “ती माझी सासू आहे. खरी.” मग तिने डबा दाखवला, लहरीचं सांगितलं, ओल्या चमच्यासकट सगळं सांगितलं. फ्राउ क्लाइनश्मिट यांनी एक चकती उचलली, स्वतःच्या कानामागे लावली आणि डब्याला फक्त आपलीच चकती जोडायला सांगितली. मग त्यांनी हान्स आणि तिकिटाचा पाठ मोठ्याने वाचला. नऊ.

“यंत्र प्रामाणिक आहे,” त्या म्हणाल्या. “आता ती सासू दाखवा.”

अश्लेषाने फोन काढला, पण लगेच लावला नाही. आत्यांना बोलवायचं, तर आठ महिने काय केलं ते त्यांना सांगावं लागणार होतं. भर गावात, चौदा माणसांपुढे, दर सोमवारी त्यांचा राग विकायला ठेवल्यासारखा मांडला होता. हे कळल्यावर आत्या बॅग भरून नणंदेकडे निघून गेल्या असत्या, आणि त्यांचं काही चुकलं असं म्हणता आलं नसतं. नाही बोलवायचं, तर या चौदा जणांची दोन वर्षं गेली. तिने एकदा वर्गाकडे पाहिलं आणि फोन लावला.

“आत्या, वर्गावर याल का? मी तुमच्याविषयी... म्हणजे आपल्या घरातलं... सगळं सांगितलंय इथं. आठ महिने.”

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला.

“रिक्षा पाठव,” आत्या म्हणाल्या.

अर्ध्या तासाने त्या आल्या. इरकल नेसलेली, कुंकू ताजं, चष्मा गळ्यात. त्या दारात दिसताच चौदाच्या चौदा जण उभे राहिले. सुशांतने तर हात जोडले. आत्यांनी वर्गावरून एकदा नजर फिरवली.

“झेट्सेन,” आत्या म्हणाल्या. म्हणजे, बसा. जर्मनमध्ये.

अश्लेषाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

आत्या फ्राउ क्लाइनश्मिट यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या जर्मनमध्ये क्रियापदं जागा मिळेल तिथे बसत होती, पण आवाज तोच होता, गच्चीवरचा. “मी फ्राउ एन. ही माझी सून. चांगली आहे. पण ही सांगते त्यातलं निम्मं खोटं आहे.”

वर्गात एकच गदारोळ झाला. आठ महिने एकच बाजू ऐकलेली! निलोफर उठून म्हणाली, मला पहिल्यापासून वाटत होतं. सुतार म्हणाला, मग कुलूप खरं की खोटं? आत्या म्हणाल्या, कुलूप खरं, पण किल्ली तिच्यासमोरच खिळ्याला टांगली होती. सुशांत अश्लेषाच्या बाजूने उभा राहिला. दोन परिचारिकांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. तू करंज्यांच्या वेळी कुठे होतास, तुला काय कळतं, किल्ली समोर असेल तर ते कुलूप म्हणायचं का, असा वाद पेटला. अर्धा तास चौदा माणसं तावातावाने भांडत होती, आणि सगळं जर्मनमध्ये. फ्राउ क्लाइनश्मिट सुरुवातीला टिपणं घेत होत्या. मग नुसत्या ऐकू लागल्या. शेवटी त्यांनी टेबलावर हात आपटला तेव्हा कुठे शांतता झाली.

“हे कोणी पाठ करू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “माझी खात्री पटली. पण शेरा लिहिला गेला आहे. तो तपासणीसाठी मुख्यालयाकडे पाठवण्याची पद्धत आहे. तीन महिने लागतील.”

नेमणुका पुढच्या महिन्यात होत्या. तीन महिन्यांत त्या जागा दुसऱ्यांना गेल्या असत्या. मागच्या बाकावर कोणीतरी रडू लागलं.

आत्यांनी निलोफरकडून नीट समजून घेतलं. मग खुर्ची ओढली, ती फ्राउ क्लाइनश्मिट यांच्या समोर ठेवली आणि बसल्या.

“एक मुलगी होती,” त्यांनी सावकाश जर्मनमध्ये सुरुवात केली. “एकोणीस वर्षांची. तिला परिचारिका व्हायचं होतं. मिरजेच्या कॉलेजातून तिला पत्र आलं. वडिलांनी पत्र लपवलं. कुठे लपवलं? कपाटात नाही. पिठाच्या डब्यात. पीठ कोण मळतं? मुलगी मळते.”

डब्यावर फक्त फ्राउ क्लाइनश्मिट यांचा आकडा होता. सत्तर.

“मुलीने दोन साड्या पिशवीत घातल्या. कोणाला सांगितलं नाही. पहाटेच्या गाडीने सातारा. साताऱ्याहून दुसरी गाडी. दिवसभर ती काही खात नाही. भीती वाटते. मिरजेच्या स्टँडवर उतरते. रस्त्याच्या पलीकडे कॉलेजची पाटी दिसते. मुलगी रस्ता ओलांडायला निघते. मागून कोणीतरी तिचं नाव घेतं.”

अठ्ठ्याण्णव. आत्या उठल्या आणि पदर सावरू लागल्या.

“मग?” फ्राउ क्लाइनश्मिट म्हणाल्या. “कोण होतं?”

“तीन महिन्यांनी सांगते,” आत्या म्हणाल्या. “पद्धत आहे ना?”

फ्राउ क्लाइनश्मिट यांनी डब्याकडे पाहिलं, आत्यांकडे पाहिलं. मग लाल पेन उचललं, शेरा आडवा खोडला आणि शेजारी सही केली. “शेरा माझा होता,” त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. “खोडायचा अधिकारही माझाच आहे. कोण होतं?”

“थोरला भाऊ,” आत्या म्हणाल्या. “मागच्याच गाडीने आला होता. ओरडला नाही. चहा पाजला, बिस्किटं दिली. परत घेऊन गेला. पुढच्या महिन्यात लग्न.”

यानंतर त्यांना जर्मन पुरेना. त्या मराठीत म्हणाल्या, “ह्या चौदांना तेवढं स्टँडवरनं कुनी माघारी आनू नका, म्हंजे झालं.” निलोफरने त्याचं अर्धं भाषांतर केलं आणि उरलेलं सुशांतने पूर्ण केलं.

अश्लेषाला लाज वाटली, अगदी मनापासून. या बाईचं ओरडणं तिने आठ महिने शब्दन्‌शब्द टिपलं होतं. बाईला काय हवं होतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

परतताना दोघी एकाच रिक्षात बसल्या.

“कधी कळलं तुम्हाला?” अश्लेषाने विचारलं.

“कवाच. निलोफर घरला बीपी बघाया येती न्हवं, तिच्या पिशवीतनं कागद पडला. त्यावर चित्र. हे येवढं कुकू, गळ्यात चष्मा. मी म्हटलं, ही कोन गं बया? मग तिच्याकडनंच ते जर्मन वाचाया शिकले.”

“राग नाही आला?”

“आला की! पयला आठवडा तर लै आला. तुझ्या अंगावर बरणी घालावी वाटली.” आत्या बाहेर बघत राहिल्या. “मग ती म्हनाली, आजी, सोमवारी काय हुतंय म्हनून चौदा मानसं वाट बघत्यात. आता माझी वाट कोन बघतंय गं? म्हटलं, घ्या, भांडते की. सर्दी असली की तेवढं जमायचं न्हाई.”

अश्लेषाने त्यांचा हात धरला. आत्यांनी तो काढून घेतला नाही.

“आत्या, ते मिरजेचं पत्र अजून आहे तुमच्याकडे?”

“समदं आजच इचारून घेतलंस,” आत्या म्हणाल्या, “तर नव्या बॅचला सांगशील काय? सोमवारी या म्हन त्यान्‌ला. मी येते.”

त्या दिवशी शनिवार होता, आणि अश्लेषाला सोमवार फार लांब वाटू लागला.